पोर्ट उघडला, पण वजन दिसेना

या वेळी सीरियल पोर्टवर, म्हणजे तारेवरून एकेक बिट पाठवणाऱ्या जुन्या जोडणीवर, इतकी पत्रं आलीत की सगळं सदर त्यालाच देतोय. कोणाचा वजनकाटा, कोणाचं प्रोग्रामवर आपोआप धातू कापणारं सीएनसी मशीन, कोणाचं कॉलेजचं प्रोजेक्ट, वस्तू वेगवेगळ्या पण रड एकच, तार जोडलीय आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. उत्तरांत मी सगळीकडे पिकोकॉम हा छोटासा टर्मिनल प्रोग्राम धरलाय, उबंटू किंवा डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल पिकोकॉम' म्हटलं की येतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. पोर्टचं नाव 'टीटीवाययूएसबी०' असं लिहिलंय तिथे टीटीवाय स्मॉल, यूएसबी कॅपिटल आणि शेवटी शून्य, ओ नव्हे.

प्रश्न: दादा, आमचं मस्जिद बंदरला मसाल्याचं होलसेल दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या मागे नऊ पिनांचा पोर्ट आहे, त्यावरून वजन जुन्या डेस्कटॉपवर यायचं. तो डेस्कटॉप बंद पडला म्हणून आता मुलाचा उबंटूवाला लॅपटॉप लावलाय. यूएसबी टू सीरियल केबल आणली, पिकोकॉम टाकलं, आधी 'परमिशन डिनाइड' आलं, मग सुडो लावून चालवलं तर 'टर्मिनल रेडी' येतं आणि पुढे काहीच नाही. काट्यावर पोतं ठेवलं तरी स्क्रीन कोरीच. काटेवाला म्हणतो काटा ओके, केबलवाला म्हणतो केबल ओके. कोणाचं खरं मानू?
— एक वाचिका, मस्जिद बंदर

उत्तर: ताई, अजून कोणाचंच मानू नका, अर्ध्या तासात तुमचं तुम्हालाच कळेल. 'टर्मिनल रेडी'चा अर्थ एवढाच की लॅपटॉपने केबलचा पोर्ट उघडला. पलीकडे काटा आहे की तार नुसतीच लोंबकळतेय हे त्याला ठाऊकच नसतं. फोनसारखी रिंग जाऊन पलीकडच्याने उचलायचा प्रकार इथे नाही, साधी तार आहे, तिच्यावरचं व्होल्टेज हललं तर अक्षर, नाही हललं तर शांतता.

आधी ते सुडो काढून टाकू, कारण दुकानात आज तुम्ही बसाल उद्या दुसरं कोणी, आणि प्रत्येकाला अॅडमिनचा पासवर्ड देत बसणं बरोबर नाही. उबंटूवर सीरियल पोर्ट 'डायलआऊट' नावाच्या ग्रुपकडे असतो, मोडेमने फोन लावायच्या जमान्यातलं नाव आहे ते, तर त्या ग्रुपात तुमचा युजर घालायचा: 'सुडो यूजरमॉड डॅश ए डॅश कॅपिटल जी डायलआऊट' आणि पुढे युजरचं नाव. यातला डॅश ए अजिबात विसरायचा नाही, तो राहिला तर युजर बाकीच्या ग्रुपांतून बाहेर निघतो, सुडोच्या ग्रुपातूनसुद्धा, आणि मग निस्तरायला दुसरा माणूस बोलवावा लागतो. कमांड दिली की लॉगआऊट करून परत लॉगिन करा, नुसती टर्मिनलची खिडकी बंद-चालू करून भागत नाही.

आता केबल. काट्याकडचं टोक काढा, लॅपटॉपकडचं राहू द्या. केबलच्या पिना तोंडासमोर धरा, पाचची रांग वर, चारची खाली. वरच्या रांगेत डावीकडून मोजायचं, एक, दोन, तीन. दोन नंबरवर लॅपटॉप ऐकतो, तीन नंबरवर बोलतो. या दोघींना एकमेकींशी जोडायचं. मी दोन्ही टोकांना भोक असलेली छोटी जंपर वायर वापरतो, पण ती नसेल तर जुन्या चार्जरची वायर सोलून आतली बारीक तांब्याची तार घ्या, दोनला दोन वेढे, तीनला दोन वेढे, आजूबाजूच्या पिनांना चिकटली नाही ना तेवढं बघा. मग 'पिकोकॉम डॅश बी ९६०० स्लॅश डेव स्लॅश टीटीवाययूएसबी०' चालवा, यातला ९६०० म्हणजे वेग, सेकंदाला इतके बिट, आणि काहीही टाईप करा, हळद, धने, मनाला येईल ते. अक्षरं उमटली? आता तार काढा आणि परत टाईप करा. काही उमटत नाही. एवढं झालं की केबल, तिच्या आतली चिप, ड्रायव्हर, परमिशन, सगळं एका फटक्यात पास.

या प्रोग्रामवर माझा जीव आहे तो इथेच. पिकोकॉम तुम्ही दाबलेलं अक्षर आपण होऊन स्क्रीनवर दाखवत नाही, तारेवरून आलं तरच दाखवतो, त्यामुळे मघाशी उमटलेली 'हळद' तीन नंबरच्या पिनेतून बाहेर जाऊन दोन नंबरने परत आलेली हळद होती. मध्ये कोणी गोड बोलून झाकपाक करणारा नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्केल नॉट कनेक्टेड' असं एक वाक्य येतं आणि माणूस तिथेच अडतो, इथे तार काय म्हणतेय ते तसंच्या तसं समोर येतं.

केबल पास झाली तर आता काटा. दुकानाच्या वायरमनकडे मल्टिमीटर असेलच, तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, काटा चालू करा, काळी प्रोब काट्याच्या पोर्टच्या पाच नंबरला आणि लाल आधी दोनला मग तीनला. एक लक्षात ठेवा, काट्याचा पोर्ट पिनांऐवजी भोकांचा असेल तर मोजणी उलटी, उजवीकडून. ज्या पिनेवर स्थिर मायनस व्होल्टेज दिसेल, मायनस पाच, मायनस नऊ, असं काहीतरी, ती काट्याची बोलायची पिन, कारण आरएस-२३२ च्या, म्हणजे या नऊ पिनांच्या पोर्टच्या, नियमात गप्प बसलेली तार मायनस ३ ते मायनस १५ व्होल्टच्या मध्ये असते आणि बोलताना प्लसमध्ये उडी मारते. दोन्हीकडे काहीच नसेल तर काटेवाल्याला परत बोलवा, आणि त्याच्यासमोर मीटर लावून दाखवा.

ही बोलायची पिन लॅपटॉपच्या दोन नंबरला पोचली पाहिजे. काट्याची दोन असेल तर सरळ केबल चालते. काट्याचीही तीनच असेल तर दोघंही तीनवर बोलतायत आणि दोघंही दोनवर कान देऊन बसलेत, मग कोणाला काय ऐकू येणार? त्यासाठी मध्ये 'नल मोडेम' नावाचा छोटा अॅडॅप्टर लावायचा, तो दोन आणि तीनची अदलाबदल करतो. हा घोळ मुळातलाच आहे, १९६० साली हे स्टँडर्ड आलं तेव्हा एका बाजूला टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूला मोडेम असं ठरलेलं होतं, पुढे लोकांनी दोन टर्मिनलच एकमेकांना जोडायला सुरुवात केली.

आणि हे सगळं जमलं तरी स्क्रीन कोरी असेल तर पोतं ठेवून नुसतं बघत बसू नका, काट्यावरचं प्रिंट बटण दाबा. बरेच काटे बटण दाबल्याशिवाय काही पाठवतच नाहीत, सतत पाठवायचं असेल तर काट्याच्या मेनूत ते वेगळं चालू करावं लागतं. बटण दाबल्यावर कचरा अक्षरं आली तर आनंद माना, तार जिवंत आहे, फक्त वेग चुकतोय. कंट्रोल-ए दाबून मग कंट्रोल-डी दाबलं की पिकोकॉम चालू असतानाच वेग एक पायरी उतरतो, ९६०० वरून ४८००, २४००, १२००. प्रत्येक पायरीवर प्रिंट दाबून बघा. कंट्रोल-ए आणि कंट्रोल-यू म्हणजे परत वर.

जाता जाता एक, काट्याच्या पोर्टात टॉर्च मारून बघा. मसाल्याची बारीक धूळ आणि बंदराकडची दमट हवा, दोन्ही मिळून पिनांवर हिरवट थर धरतो. जुन्या टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासा, वाळू द्या, मग जोडा.

प्रश्न: भाऊ, माझ्याकडे काटा बोलतो, पण वेड्यासारखा. ३५.०६ किलो असेल तर बरोब्बर ३५.०६ दिसतं, पण १२.४७ ठेवलं तर मधला टिंब सोडून सगळीकडे प्रश्नचिन्हाचे चौकट. शिवाय ओळी एकाखाली एक न येता जिन्यासारख्या उजवीकडे उतरत जातात. वेग सगळे बदलून बघितले, ९६०० लाच एवढं तरी दिसतं. मासळीचा काटा आहे, भिजलाय का आतून?
— एक वाचक, भाऊचा धक्का

उत्तर: नाही भाऊ, काटा एकदम ठणठणीत आहे, आणि तुम्ही दोन वजनं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. तुमचा काटा सात बिट आणि इव्हन पॅरिटी बोलतोय आणि पिकोकॉम आपल्या सवयीने आठ बिट, नो पॅरिटी ऐकतोय.

म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक अक्षर तारेवर शून्य आणि एकच्या रूपात जातं. काटा सात बिटांचं अक्षर पाठवतो आणि आठव्या जागी एक हिशेबाचा बिट टाकतो, एकूण एकांची संख्या सम व्हावी म्हणून. आकडा ३ घ्या, तो ०११००११, त्यात चार एक आहेत, संख्या समच आहे, म्हणून हिशेबाचा बिट शून्य आणि आठ बिटवाल्याला तो ३ च दिसतो. आता १ घ्या, ०११०००१, तीन एक झाले, म्हणून काटा आठव्या जागी अजून एक १ टाकतो आणि आठ बिटवाल्याला ते भलतंच अक्षर वाटतं. असं करत गेलं तर ०, ३, ५, ६, ९ बरोबर दिसतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. तुमचं ३५.०६ आणि १२.४७ परत बघा. टिंबातही चार एक आहेत, म्हणून तो दोन्हीकडे शाबूत.

जिन्याचं कारणही तेच. ज्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजच्या टाईपरायटरवर बोटं झिजवलीयत त्यांना आठवेल, ओळ संपली की डाव्या हाताने दांडा ओढायचा, त्यात दोन कामं व्हायची, कॅरेज सुरुवातीला जायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. सीरियलवर ही दोन कामं दोन वेगळी अक्षरं करतात. सुरुवातीला जा म्हणणाऱ्या अक्षरात तीन एक आहेत, ते बिघडतं. खाली उतर म्हणणाऱ्यात दोन आहेत, ते नीट येतं. म्हणून ओळ खाली उतरते पण सुरुवातीला येत नाही, आणि जिना तयार होतो.

पिकोकॉम असं चालवा: 'पिकोकॉम डॅश बी ९६०० डॅश डॅश डेटाबिट्स ७ डॅश डॅश पॅरिटी ई' आणि मग पोर्टचं नाव. दोन्ही तक्रारी एकदम जातील. काही ठिकाणी पॅरिटीसाठी डॅश पी असा छोटा पर्याय लिहिलेला सापडतो, तो जुन्या आवृत्तीचा आहे, नव्यात डॅश पी म्हणजे स्टॉप बिट, म्हणून पूर्ण शब्दच लिहा. आणि पॅरिटी तशीच राहू दे, काट्यात बंद करायच्या भानगडीत पडू नका, मासळीच्या लिलावाच्या गडबडीत तारेवर एखादा बिट उलटला तर निदान चूक झालीय एवढं तरी त्यातून कळू शकतं.

प्रश्न: पिकोकॉममधून बाहेर कसं पडायचं? कंट्रोल-सी दाबून थकले, शेवटी खिडकीच बंद करते.
— एक वाचिका, बोरिवली

उत्तर: कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स. कंट्रोल-सी मुद्दामच पिकोकॉम स्वतः खात नाही, ते पलीकडच्या मशीनला पाठवतं, कारण तिथे चाललेलं काही थांबवायचं असेल तर तेच लागतं. सगळ्या कळा बघायच्या तर कंट्रोल-ए आणि कंट्रोल-एच. स्क्रीन नावाचा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी मात्र वेगळी सूचना, त्यात कंट्रोल-ए आणि डी दाबून बाहेर आलात तर तो मागे चालूच राहतो आणि पोर्ट धरून बसतो, मग दुसरं काहीही उघडलं की 'बिझी' येतं. तिथे कंट्रोल-ए आणि के, आणि विचारलं की वाय.

प्रश्न: सर, मी माटुंग्याला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डच्या सीरियल पिनांवर यूएसबी-टीटीएल मोड्यूल लावलंय, ११५२०० स्पीड, मिनिकॉम वापरतोय. बूट होतानाच्या सगळ्या ओळी मस्त दिसतात, शेवटी लॉगिन येतं आणि मग टाईपच होत नाही. टीएक्सची वायर तीनदा बदलली. मोड्यूल उडालं असेल का?
— एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर: अरे, वायरी बदलणं थांबव आधी. येतंय सगळं पण जात काहीच नाही, आणि प्रोग्राम मिनिकॉम, असं वाचलं की माझं पहिलं बोट हार्डवेअर फ्लो कंट्रोलवर जातं. मिनिकॉममध्ये ते सुरुवातीपासून चालू असतं, म्हणजे पलीकडून सीटीएसच्या तारेवर 'बोल आता' असा इशारा आल्याशिवाय तो एक अक्षरही बाहेर सोडत नाही. तू जोडल्यायस तीन तारा, टीएक्स (बोलायची), आरएक्स (ऐकायची), ग्राउंड. चौथी तारच नाही तर इशारा येणार कुठून? कंट्रोल-ए, मग ओ दाब, 'सीरियल पोर्ट सेटअप'मध्ये जा, एफ दाबून हार्डवेअर फ्लो कंट्रोल 'नो' कर आणि सेव्ह कर.

मिनिकॉम वाईट नाही, मोडेमच्या काळात त्याने लोकांची खूप सेवा केलीय, पण त्याच्या पोटात मेनू, डायलिंग, सेव्ह केलेल्या फाईली असं बरंच आहे आणि कोणीतरी कधीतरी सेव्ह केलेलं सेटिंग आज तुला नडतं. पिकोकॉम काहीच साठवून ठेवत नाही. तू कमांडमध्ये जे लिहिलंस तेच, आणि काही लिहिलं नाहीस तर ९६००, आठ बिट, नो पॅरिटी, एक स्टॉप बिट, नो फ्लो कंट्रोल. सुरू होतानाच ही सगळी यादी छापतो, ती नुसती वरवर बघू नकोस, एकेक ओळ वाच. प्रोजेक्टच्या वहीत तीच कमांड लिहून ठेवलीस की पार्टनरच्या लॅपटॉपवरही तसंच्या तसं चालतं.

मोड्यूल उडालंय का हे बघायला त्याचे टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोड आणि टाईप कर, उमटलं तर जिवंत.

आणि एक गोष्ट तळमळीने सांगतोय. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, आठ नंबर टीएक्स, दहा नंबर आरएक्स, सहा ग्राउंड. मोड्यूलवर ५ आणि ३.३ चा जंपर असतो तो ३.३ वर आहे ना बघ, पण काही स्वस्त मोड्यूलांत तो जंपर फक्त व्हीसीसीचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पिनेचा, व्होल्टेज बदलतो आणि टीएक्स पाचवरच राहतो, म्हणून पायला जोडायच्या आधी मोड्यूलच्या टीएक्स आणि ग्राउंडमध्ये मीटर लाव, गप्प असताना ३.३ च्या आसपास दिसलं पाहिजे. नऊ पिनांची आरएस-२३२ केबल तर पायला थेट कधीच लावायची नाही, तिच्यावर मायनस व्होल्टेज असतं. मी एकदा घाईत एका राऊटरच्या बोर्डाला ती लावली होती, अर्ध्या सेकंदाचं काम, त्या बोर्डाने परत कधी तोंड उघडलं नाही. शेजारच्या आजोबांचा राऊटर होता तो, दुसरा आणून दिला, पण अजून आठवलं की वाईट वाटतं.

प्रश्न: नमस्कार. साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे, एक जुनं सीएनसी मशीन आहे, त्याला प्रोग्राम आरएस-२३२ नेच द्यावा लागतो. छोटे प्रोग्राम जातात, मोठे मध्येच तुटतात आणि दोन वेळा तर ओळीतला एखादा आकडाच गायब झाला. वय ६४, लिनक्स मुलाने शिकवलं. केबल पंचवीस मीटर आहे, ऑफिसातून शॉप फ्लोअरपर्यंत.
— एक वाचक, साकीनाका

उत्तर: काका, नमस्कार. आकडा गायब झालेला प्रोग्राम मशीनवर चालवू नका, हे सगळ्यात आधी. एक्स २५ मधला २ पडला की एक्स ५ होतो, मशीनला ते चुकीचं वाटत नाही, टूल सरळ तिथे जाऊन आदळतं.

कारण बहुतेक असं आहे. ४८०० च्या वेगाला सेकंदाला ४८० अक्षरं जातात, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून प्रत्येक अक्षराला दहा बिट लागतात म्हणून. मशीनच्या कंट्रोलरचा बफर, म्हणजे आलेली अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा, छोटा, तो भरला की तो 'थांब' म्हणतो, तुमचा लॅपटॉप ते ऐकतच नाही आणि ओततच राहतो, वर सांडलेली अक्षरं गेली. छोटा प्रोग्राम बफरात मावतो म्हणून नीट जातो. थांब म्हणायची ती पद्धत म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ, कोड १९ म्हणजे थांब, कोड १७ म्हणजे चालू दे. टर्मिनलवर चुकून कंट्रोल-एस दाबलं की सगळं गोठतं आणि कंट्रोल-क्यूने सुटतं, तेच हे दोन कोड.

तेव्हा मशीनच्या पॅरामीटरमध्ये बघून वेग, बिट, पॅरिटी तंतोतंत तीच द्या, जुन्या कंट्रोलरांत बऱ्याचदा सात बिट इव्हन असतं, आणि सोबत 'डॅश डॅश फ्लो एक्स' लावा. फाईल पाठवायला पिकोकॉम बाहेरच्या प्रोग्रामची मदत घेतो, आणि काही सांगितलं नाही तर तो मोडेमच्या पद्धतीने पाठवू बघतो, ते तुमच्या मशीनला कळणार नाही. म्हणून 'डॅश डॅश सेंड डॅश सीएमडी' आणि पुढे अवतरणात 'आस्की डॅश एक्सएफआर डॅश एसव्ही' असं द्या, हा आस्की-एक्सएफआर डेबियन-उबंटूवर मिनिकॉमच्या पॅकेजसोबत येतो. मग कंट्रोल-ए, कंट्रोल-एस दाबलं की फाईलचं नाव विचारतो. तरीही अक्षरं पडली तर त्याच अवतरणात 'डॅश एल ५०' वाढवा, प्रत्येक ओळीनंतर ५० मिलिसेकंद थांबेल.

केबलचं मात्र ऐकाच. आरएस-२३२ साठी १५ मीटर ही जुनी धरून चाललेली मर्यादा आहे, तुमची पंचवीस, आणि वाटेत मोटर, कॉन्टॅक्टर, वेल्डिंग. लॅपटॉप एका छोट्या ट्रॉलीवर ठेवून मशीनजवळ न्या आणि दोन-तीन मीटरची शिल्ड केबल वापरा. ऑफिसातूनच पाठवायचं असेल तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे कन्व्हर्टर लावा, ते १२०० मीटरपर्यंतच्या हिशेबाने बनवलेलं स्टँडर्ड आहे, पण तेव्हा आयसोलेटेड कन्व्हर्टरच घ्या, गाळ्यातलं अर्थिंग आणि ऑफिसातलं अर्थिंग सारखं असेलच असं नाही.

आणि पाठवून झालं की तोच प्रोग्राम मशीनमधून परत मागवा. पिकोकॉम 'डॅश डॅश लॉगफाईल' आणि फाईलचं नाव देऊन चालवा, मशीनवर पंच-आऊट करा, म्हणजे प्रोग्राम बाहेर पाठवा, आलेली फाईल आणि मूळ फाईल 'डिफ डॅश डब्ल्यू' कमांडने ताडून बघा, डॅश डब्ल्यू यासाठी की ओळीच्या शेवटाचा फरक तो मोजत नाही. बाकी एका आकड्याचाही फरक निघाला तर मशीनचं सायकल स्टार्ट बटण दाबायचं नाही. मुलाला ही दोन कामं एका स्क्रिप्टमध्ये बांधून द्यायला सांगा, त्याला आवडेल.

प्रश्न: उबंटू २२.०४ टाकल्यापासून माझी केबल लावली की 'टीटीवाययूएसबी०' एक क्षण येतो आणि गायब होतो. जुन्या लॅपटॉपवर तीच केबल चालते.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर: केबलमध्ये सीएच३४० चिप असणार. 'सुडो डीमेसेज' बघा, शेवटच्या ओळींत 'बीआरएलटीटीवाय' हे नाव दिसेल. अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा हा प्रोग्राम आहे, काही ब्रेल डिस्प्लेंचा यूएसबी नंबर या चिपसारखाच आहे, त्यामुळे तो तुमच्या केबलला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो. लॅपटॉप फक्त तुमचा असेल तर 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करा, केबल काढून परत लावा, झालं. पण कॉम्प्युटर कॉलेजचा, लायब्ररीचा किंवा चार जणांचा असेल तर कृपा करून हे करू नका, कोणाचं तरी वाचणंच त्यावर चालत असेल. तिथे दुसऱ्या चिपची केबल वापरा, एफटीडीआयवाली.

प्रश्न: दादा, केबल घ्यायला लॅमिंग्टन रोडला जायचंय. दुकानात नक्की काय मागायचं? दीडशेपासून हजारापर्यंत सांगतात.
— एक वाचिका, परळ

उत्तर: ताई, ग्रँट रोड स्टेशनला उतरा, चालत जवळच आहे, रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात म्हणून शनिवार गाठा. आधी ठरवा की पलीकडे नऊ पिनांचा पोर्ट आहे की बोर्डावरच्या सुट्या पिना. नऊ पिनांसाठी 'यूएसबी टू आरएस-२३२', सुट्या पिनांसाठी 'यूएसबी टू टीटीएल, ३.३ व्होल्ट'. नुसतं 'सीरियल केबल' म्हणालात तर हाताला येईल ते देतात. नऊ पिनांची घेताना सोबत एक नल मोडेम आणि एक जेंडर चेंजर (पिनांचं टोक भोकांचं किंवा भोकांचं पिनांचं करणारा) घेऊन ठेवा, दोन्ही अंगठ्याएवढे असतात, आणि नेमके नसतात तेव्हाच लागतात. चिप कोणती ते विचारा. लिनक्सवर सीएच३४०, सीपी२१०२, एफटीडीआय, पीएल२३०३ चारही चालतात. विंडोजवरही लावायची असेल तर पीएल२३०३ जपून घ्या, जुन्या किंवा नकली चिपला नवा ड्रायव्हर नाकारतो. नकली एफटीडीआयचंही तसंच, २०१४ साली विंडोजच्या अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखनंबरच शून्य केला होता आणि लोकांच्या चालत्या केबली एका दिवसात बंद पडल्या होत्या.

लॅपटॉप सोबत न्या, पिकोकॉम घरूनच टाकून न्या, आणि पर्समध्ये ती जंपर वायर. काउंटरवरच केबल लावा, दोन आणि तीन जोडा, स्वतःचं नाव टाईप करा. नाव परत आलं तर पैसे द्या.